बर्फाची खालची बाजू

मी आयुष्यभर नेमकं काय काम केलं, यावर गोंदियात आजही एकमत नाही. आमगावकडच्या सोयऱ्यांना वाटतं, मी फ्रीज दुरुस्त करायचो. बायकोच्या माहेरी मी मिलिटरीत होतो असं ठरून गेलंय, कारण जाडजूड कपडे घातलेला माझा एक फोटो त्यांच्या भिंतीवर आहे. आणि आमच्या मोहल्ल्यात कित्येक वर्षं पक्की बातमी होती, की दसाराम मिस्त्रीचा शालिक मुर्दाघरात नोकरीला आहे. तिन्ही गोष्टींत थोडंथोडं तथ्य आहे, हीच तर पंचाईत. निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा म्हटलं, आता एकदा सगळ्यांना नीट लिहून सांगावं. लिहायला बसलो आणि पहिल्याच पानावर माझाच गोंधळ उडाला.

सोप्याकडून सुरू करतो. समुद्रकाठच्या एका शहरात, एका प्रयोगशाळेत, मी थंडघर सांभाळायचो. थंडघर म्हणजे शून्याच्या खाली वीस अंशांवर ठेवलेली एक मोठी खोली. जहाजानं ध्रुवाकडून आणलेला समुद्राचा बर्फ तिच्यात ठेवलेला असे. कॉम्प्रेसर चालता ठेवायचा, दाराचं रबर तपासायचं, कोणाला कोणता तुकडा हवा तो काढून द्यायचा, हे माझं काम. संशोधन करणारे वेगळे. मी त्यांचा कोठीवाला.

नोकरी मिळाली ती बाबांमुळे. बाबा गोंदियाच्या एका बर्फ कारखान्यात मिस्त्री होते. घरची धानाची शेती काकांनी केली, बाबांचे हात मात्र अमोनियाच्या नळ्यांत रमले. मी शाळेनंतर तिथंच पडलेला असायचो. बर्फ कसा बनतो ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांबट पत्र्याच्या डब्यांत गोडं पाणी भरायचं आणि ते डबे मिठाच्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे. अमोनिया त्या टाकीला शून्याच्याही खाली नेतो, पण मीठ असल्यामुळे टाकीतलं पाणी गोठत नाही. त्याच्या गारठ्यानं डब्यातलं गोडं पाणी मात्र दगड होऊन बसतं. मग त्या सिल्ल्या, म्हणजे बर्फाच्या लाद्या, बाहेर काढून धानाच्या तुसात पुरून ठेवायच्या. राईस मिलच्या गावात तुसाला काय तोटा!

गिऱ्हाईकं ठरलेली. मासेवाले, गोळेवाले, लग्नाच्या मांडवातले आचारी. आणि चौथं गिऱ्हाईक मयतीचं. घरात कोणी गेलं आणि पोरगा हैदराबादेहून किंवा सुरतेहून यायचा असला, की कोणीतरी सायकल दामटत कारखान्यावर यायचं आणि दारातच उभं राहायचं. काही बोलायचं नाही. बाबा चेहऱ्यावरून ओळखायचे. कितीही रांग असो, पहिली सिल्ली तिकडे जायची. ती फोडायची नाही, तिला टोचा लावायचा नाही, अख्खीच न्यायची. बाबा स्वतः जाऊन खाटेखाली ठेवून यायचे, आणि परत आले की कारखान्याच्या नळावर अंगावर पाणी घेतल्याशिवाय घराकडे वळायचे नाहीत. पौषाच्या थंडीतसुद्धा. "मयतीचं आंग घेऊन उंबरठ्यात येवाचं नाही," एवढंच सांगायचे.

म्हणजे मी लहानपणापासून शिकलो ते असं: बर्फ मेलेल्यासाठी असतो. मासे मेलेले, माणूस मेलेलं. जिवंत काही बर्फात ठेवल्याचं आमच्या गावात कोणी ऐकलं नव्हतं.

आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिथल्या संशोधक मॅडमनी मला सांगितलं, "शालिकराव, हा बर्फ जपून हाताळा. यात जीव आहे."

मी मान हलवली. मनात म्हटलं, बाई शिकलेल्या आहेत, असेल काहीतरी.

नंतर मॅडमनी समजावलं तेव्हा कारखान्यातली टाकी कामाला आली. समुद्राचं पाणी गोठतं तेव्हा बर्फ होतो फक्त पाण्याचा. मिठाला तो आत घेत नाही, बाजूला सारतो. सारलेलं मीठ थोड्या पाण्यासह बर्फातल्या केसासारख्या बारीक भेगांत आणि नळ्यांत अडकून बसतं. ते पाणी इतकं खारट असतं, की आमच्या टाकीतल्यासारखंच शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही. त्या नळ्यांत शेवाळ राहतं, जंतू राहतात, त्यांना खाणारे आणखी बारके प्राणी राहतात. उजेड मिळेल तेवढ्यावर भागवतात. अंगातून एक चिकट पदार्थ सोडतात, पेज निवल्यावर जशी बुळबुळीत होते तसा. त्यानं नळी बुजत नाही आणि मीठही अंगाला बोचत नाही. जे मरतात त्यांचं आणि या चिकट्याचं जे उरतं, त्यावर बाकीचे जगतात. सगळ्यात दाट वस्ती असते बर्फाच्या तळाला, जिथं तो समुद्राला टेकलेला असतो. तिथं बर्फ चहासारखा तपकिरी दिसतो.

हे मी एकदा स्वतः पाहिलं. एका उन्हाळ्यात यंत्रं सांभाळायला म्हणून मला दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवर पाठवलं. तो फोटो तेव्हाचा, सासुरवाडीच्या भिंतीवरचा. बर्फाला गिरमिटानं भोक पाडून आतून बर्फाचा लांब दांडा काढतात, आपल्याकडे उखळातून मुसळ काढावं तसा. दांडा बाहेर आला. वर पांढरा, मध्ये निळसर, आणि तळाला वीतभर तपकिरी मळ. माझ्या हातात आपोआप खरवडणी आली. आमच्या कारखान्यात सिल्लीचा तळ तपकिरी निघाला म्हणजे डबा गंजला. तो खरवडल्याशिवाय माल बाहेर पाठवला तर बाबा कान धरायचे. मॅडम एवढ्या जोरात ओरडल्या, की मी खरवडणी फेकूनच दिली.

"अहो, त्याच्यासाठीच तर आलोय आपण इथवर!"

मी त्या मळाकडे बघत राहिलो. सातासमुद्रापार, एवढ्या खर्चानं, एवढ्या लोकांनी यायचं, आणि कशासाठी, तर आम्ही जे नालीत टाकतो त्यासाठी. त्या दिवशी सुरू झालेला गोंधळ अजून गेलेला नाही.

प्रयोगशाळेतली गिऱ्हाईकंही गोंदियाच्या वरताण. एका सरांना फक्त स्वच्छ बर्फ हवा, त्यात जीवजंतू आढळला की त्यांचा दिवस वाया. मॅडमना फक्त घाण हवी. एक पोरगी यायची तिला नुसता चिकटा हवा, बाकी शेवाळाशी तिला देणंघेणं नाही. एकाच दांड्याचे तिघे मालक, आणि करवत माझ्या हातात. शिवाय बर्फ वितळवायचीही रीत. नुसता ठेवून वितळवला तर गोडं पाणी सुटतं, खारटपणा एकदम उतरतो आणि खाऱ्यात राहिलेले ते जीव फुगून फुटतात. म्हणून गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात, अंधारात, गारव्यात, सावकाश. मी मॅडमना विचारलं होतं, "थंडघरात जे पडलेत ते जिवंत आहेत का मेलेले?" त्या म्हणाल्या, "बरेच मेलेले, काही झोपलेले. वितळवल्याशिवाय कळत नाही, आणि कधीकधी वितळवतानाच मरतात." आता हे घरी कसं सांगायचं, सांगा.

घरी सांगायची वेळ आलीच. आमच्या मोहल्ल्यातला सुखराम, बाबांबरोबर कारखान्यात हमाली केलेला, देवदर्शनाच्या गाडीतून आमच्या शहरात आला. मी हौसेनं त्याला कामाची जागा दाखवायला नेलं. आत न्यायची परवानगी नव्हती, म्हणून दाराच्या काचेतून दाखवलं. सुखरामनं काय पाहिलं? गारठलेली खोली. फळ्यांवर ओळीनं ठेवलेली, पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली लांब लांब काहीतरी. प्रत्येकाच्या एका टोकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. तोंडाला फडकं आणि हातात मोजे घातलेली माणसं, हळू आवाजात बोलणारी. सुखराम काचेपासून मागं सरला. चहा नको म्हणाला. गोंदियाला उतरला तो थेट बाबांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन. "शालिक, तू काय करतेस तिकडं? खरं सांग."

"बाबा, समुद्राचा बर्फ सांभाळतो. त्यात बारीक जीव असतात."

"बर्फात जीव?"

"हो."

बाबा म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. ज्या माणसाचा जन्म बर्फात गेला त्याला मी हे सांगत होतो. माझं मलाच ते खोटं वाटलं.

पुढं बाबांनी कोणाजवळ चकार शब्द काढला नाही. मात्र माझ्याकडचं अन्न टाकलं. दिवाळीला आम्ही गोंदियाला गेलो, की आईनं रांधलेलं जेवायचे. आम्ही नेलेल्या मिठाईचा डबा तसाच शेजारी जायचा. ममतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, काही केलं तर "पोट बराबर नाही" म्हणायचे. आई गेल्यावर तर काकूच्या हातचं खायला आमगावला जायचे, पण आमच्या ताटावर बसायचे नाहीत. मला वाटे, मुर्दाघराची नोकरी म्हणून त्यांना माझी लाज वाटते. फार लागायचं मला ते. बापानं आपल्या घरचा एक घास खावा, एवढीच माझी त्या काळातली इच्छा होती. मी फोटो पाठवले, पुस्तकातली चित्रं दाखवली. तपकिरी तळाचा फोटो पाहून बाबा म्हणाले, "चाय सांडला वाटते."

शेवटी ममतानं स्वतः सासऱ्यांना फोन लावला. "मामाजी, या वर्षी तुमी आले नाही इकडं, तर मी मंडईले गावात पाय नाही ठेवत." मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, सून नाही म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. बाबा आले. सोबत मुरमुऱ्यांचा मोठा पुडा आणि भाजलेले लाखोळीचे दाणे. आमच्या घरी तेच खात बसले. ममता रोज ताट वाढायची आणि रोज ते झाकून ठेवायची.

अशात एका सणाच्या सुटीला सकाळीच प्रयोगशाळेतून फोन आला. थंडघराचा कॉम्प्रेसर बंद पडला होता. माझ्या हाताखालची पोरं गेली होती गावाला. मी निघालो तर बाबा चपला घालून दारात उभे.

"कॉम्प्रेसर होय ना? मी येतो."

मी नको म्हणणार होतो, पण माणसं हवीच होती. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, "घेऊन या." तिथं पोचलो तेव्हा मॅडम स्वतः जाड कोट घालून बर्फाच्या दांड्यांच्या पेट्या दाराशी ओढत होत्या. सुटीमुळे आणखी फक्त पहारेकरी. कॉम्प्रेसरचा भाग दुसऱ्या दिवशीशिवाय मिळणार नव्हता. तोवर सगळा माल आवाराच्या दुसऱ्या टोकाच्या लहान शीतखोलीत हलवायचा होता. बाबांनी यंत्र वाकून पाहिलं, मला दोन सूचना केल्या, दोन्ही निरुपयोगी ठरल्या. अमोनियाचा जमाना आमच्या यंत्रानं कधीच मागं टाकला होता. मग ते पेट्यांकडे वळले.

पेटी लांबट, माणसाच्या खांद्याएवढी. दोघांनी हातात धरून नेता येते. आम्ही तशी उचलली तर बाबा म्हणाले, "अशी नाही." त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. पेटीची चिठ्ठी कोणत्या बाजूला आहे ते पाहिलं, ती बाजू मागं ठेवली, आणि पुढचा कोपरा खांद्यावर घेतला. मला दुसरा घ्यायला लावला. मागं पहारेकरी, आणि चौथा खांदा कमी.

मॅडम पुढं झाल्या.

"बाई, तुमी कायले?" बाबा गडबडले.

"माझाच बर्फ आहे ना," मॅडम म्हणाल्या, आणि खांदा दिला.

बाबांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग आम्ही चौघं चालू लागलो. भर उन्हात, आवाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, कारण बाबा सावकाशच चालत होते. अशा किती खेपा केल्या देव जाणे. एकाही खेपेला बाबांनी मध्ये पेटी टेकवू दिली नाही. मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं. त्यांना सांगावं का, की बाबा, हा बर्फ आहे नुसता? पण नुसता बर्फ नाही हेच तर मी इतकी वर्षं सांगत आलो होतो.

काम संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "बाबा, या. तुम्हाला दाखवते तुमचा मुलगा काय सांभाळतो ते."

थंडघराशिवाय आमच्याकडे एक लहान काचेचं कपाट होतं. त्यात गारव्यात आणि मंद उजेडात, सावकाश वितळवलेल्या तळाच्या बर्फातले जीव पाळलेले असत. मॅडमनी त्यातला एक थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बाबांना स्टुलावर बसवलं. बाबांना आधी आपल्याच पापण्या दिसत होत्या. मी मागून मान धरून नीट बसवली. लहानपणी ते मला टाकीत डोकावायला उचलून धरायचे, तसंच.

बाबा स्टुलावर आणखी पुढं सरकले.

"चालून राहिलं," ते म्हणाले.

"काय दिसतं, बाबा?"

"होडीवानी आहे. सोन्याच्या रंगाची. सरकून राहिली. आखीन एक... त्याच्या मांगं आखीन एक." डोळा न काढता त्यांनी माझा हात चाचपून धरला. "शालिक, हे बर्फातलं होय?"

"बर्फातलं."

"बर्फात जितं?"

"जितं."

किती वर्षं मी या घटकेची वाट पाहिली होती! मला वाटलं, झालं, आज बाबा घरी जेवतील. डोळे भरून आले, ते मी मॅडमपासून लपवले.

बाबा पुष्कळ वेळ पाहत होते. मग डोळा काढून त्यांनी मॅडमना विचारलं, "आता याले परत सोडता का?"

मॅडमनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, "नाही बाबा. मोजायचं असतं ना. हालत राहिले, एकमेकांना खात राहिले, तर मोजणी चुकते. म्हणून आधी औषधाचा थेंब टाकतो."

"मंग?"

"मग ते थांबतात."

"थांबतात म्हणजे मरतात."

"हो. मरतात."

"टाका," बाबा म्हणाले. "मी पाहतो."

मॅडमनी नव्या थेंबात आयोडीन सोडलं. बाबांनी पुन्हा डोळा लावला. त्यांनी मान वर केली, तेव्हा डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. ती कधी काढली ते मी पाहिलं नाही.

"एकएकाले मोजता?"

"एकएकाला," मॅडम म्हणाल्या.

बाबांनी त्यांना हात जोडले आणि बाहेर येऊन चपला घातल्या. आम्ही रिक्षानं घराकडे निघालो. माझ्या डोक्याला भुंगा लागला होता. इतकी वर्षं बर्फात जीव आहे हे पटवायला धडपडलो, आणि पटलं त्याच मिनिटाला आम्ही तो मारून दाखवला. आता बाबांना नक्की काय पटलं असेल?

घराशी आलो. मी दार लोटून आत पाऊल टाकणार, तर बाबा अंगणातच थांबले.

"ममता, बालटीभर पानी आन बाई. बाहेरच."

ममता पाणी घेऊन आली. बाबांनी सदरा उतरवला आणि अंगणात उभं राहून डोक्यावरून पाणी घेतलं. मग रिकामी बालटी माझ्यापुढं धरली.

"आता तू."

"बाबा, अहो, ते मुर्दाघर नाही हो! तुम्ही आताच डोळ्यानं पाहिलं ना?"

"पाहलो म्हणून तं सांगून राहिलो." अंग पुसता पुसता ते म्हणाले, "लेका, मले काय मुर्दाघराची लाज? मी अर्ध्या गोंदियाले सिल्ली देलो. लाज नोहे ते काम. पन तू तिथून येतेस आन तसाच उंबरठ्यात पाय ठेवतेस, तसाच ताटावर बसतेस. ते मले गिळवत नव्हतं."

इतक्या वर्षांचं माझं दुखणं, आणि त्याचं कारण मी कुठं शोधत होतो, आणि ते कुठं होतं. ममता बालटी भरायला आत गेली. मी सदरा काढला आणि शेजारचे बघत असताना भर दुपारी अंगणात अंघोळ केली.

मग बाबा आत आले, पाट ओढून बसले आणि म्हणाले, "वाढ बाई. भूक लागली." ममतानं भात वाढला, वरून वरण घातलं. त्यांनी पहिला घास घेतला. माझ्या ओठांवर आलं होतं, की बाबा, एकदा नीट समजून घ्या, मी संशोधनाच्या ठिकाणी काम करतो. त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला आणि मी गप्प बसलो.

बाबा जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्या खाटेखालची सिल्ली मीच कारखान्यातून आणली, पहिली, टोचा न लावता. ती खाली ठेवताना मी वाकून तिचा तळ पाहिला. सवयच तशी लागलेली. तळ स्वच्छ होता, त्यात काहीच नव्हतं, आणि का कोण जाणे, मला त्याचं वाईट वाटलं.

मोहल्ल्यात आजही कोणी विचारतं, "शालिकभाऊ, तुमी मुर्दाघरात होते म्हनतात, खरं का?" आधी मी भांडायचो. आता नक्की काय उत्तर द्यावं ते मला कळत नाही. एवढं मात्र सांगतो, की त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत, ज्या दिवशी मोजणी असे त्या दिवशी मी अंगणात अंग धुतल्याशिवाय घरात आलो नाही.

निवृत्तीच्या दिवशी मॅडम आमच्या घरी जेवायला आल्या. त्या दिवशी सकाळी मोजणी झाली होती. अंगणात भरून ठेवलेली बालटी त्यांना दिसली. त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. त्यांनी चपला काढल्या, बाह्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात, पाय, तोंड, सगळं स्वच्छ धुऊन त्या आत आल्या.